तीन घमेली कचरा

स्वच्छता अभियानात गावात कचरा टाकताना पकडली गेलेली सेवा मंडळाची सचिव आमच्या कॉलेजात आजवर एकच झाली. ती मी.

जाफराबादला आमच्या कॉलेजात विद्यार्थ्यांचं एक सेवा मंडळ आहे. सभासद एकवीस. त्यातले सात कामाचे, चौदा फोटोपुरते. मंडळ बघणाऱ्या सरांचा नियम एकच : प्रत्येक कामाचे दोन फोटो पाहिजेत. एक 'आधी', एक 'नंतर'. "काम काय, कुणीही करतं," सर म्हणायचे, "पुरावा दाखवा!" (सरांच्या टेबलाच्या काचेखाली एका गटाराचे आधी-नंतर फोटो आहेत. स्वतःच्या मुलांचा एकही नाही.)

त्या वर्षी राज्यस्तरीय शिबिराला आमच्या मंडळातून एकच जण जाणार होता. ज्याचं अभियान सगळ्यात भारी, त्याची निवड. आणि निवड करणाऱ्या मॅडम माझं अभियान बघायला स्वतः येणार होत्या! मला जायचंच होतं. खरं तर मी मनानं जाऊन पोचलेसुद्धा होते. चाकांची बॅग घेऊन झाली होती. आईनं तर शेजारच्या काकूंना "आमची अश्विनी सरकारतर्फे चालली" असं सांगून टाकलं होतं. आता माघार घेणं म्हणजे सरकारला तोंडघशी पाडणं!

अभियानासाठी मी गाव निवडलं धावडा. तिथं माझी कमलआत्या राहते, आणि तिच्या घरासमोरचा कोपरा लहानपणापासून माझ्या चांगल्या ओळखीचा. काय तो कोपरा! प्लास्टिकच्या पिशव्या, फाटक्या चपला, करवंट्या, कुणाच्या तरी सायकलचं सीट... असा 'आधी' शोधूनही सापडला नसता.

पण माझ्या अकलेनं शेण खाल्लं. आदल्या दिवशी मी आत्याला फोन केला.

"आत्या, उद्या आम्ही एकवीस जण येऊन राह्यलोत."

"या की गं बाई! जेवायला काय करू?"

"जेवायला नाही गं, गाव झाडायला."

पलीकडे खणकन भांडं पडलं. 

"काय करायला?"

"झाडायला. आधी तुझ्या घरासमोरचा कोपराच घेणार."

"अश्वे," आत्याचा आवाज पडला, "तू माझी भाची. माहेरची लेक. तू माझ्या सासरी येऊन झाडू मारणार? साऱ्या गावादेखत? माझी नणंद काय म्हणंल? तीस वर्षं झाले, माहेराच्या नावानं एक बोल लागू दिला न्हाई म्या!"

"अगं, ते अभियान आहे!"

"बरं बरं. ये तू. बिलकुल काळजी करू नको."

मी खूश. (कमलआत्या 'काळजी करू नको' म्हणाली की काळजी करायची असते, हे घरातल्या मांजरालासुद्धा ठाऊक आहे. मलाच नव्हतं.)

दुसऱ्या दिवशी दोन जिपांत एकवीस जण, सर, बावीस झाडू आणि एक बॅनर कोंबून आम्ही निघालो. धावड्यात उतरलो आणि बघते तर काय! गाव चकाचक! दारोदार सडा-रांगोळी. नाल्या उपसलेल्या. आणि तो माझा कोपरा? तिथं तुळस लावलेली!

आत्या गावच्या महिला मंडळाची अध्यक्ष आहे. तिच्यापुढं भले भले पुरुष चप्पल काढून बोलतात. तिनं पहाटेच सगळ्या बाया उठवल्या होत्या आणि गावातला झाडून सगळा कचरा गावाबाहेरच्या खड्ड्यात नेऊन टाकायला लावला होता. वर एक नियमही करून टाकला होता : इथून पुढं जो कचरा टाकंल, त्याचं नाव बापाच्या नावासकट पंचायतीच्या भोंग्यावर पुकारायचं. आता ती हातात आरतीचं ताट घेऊन आम्हाला ओवाळायला उभी होती.

"ये गं माझी बाई! बघ, तुला एक काडी उचलायची गरज न्हाई."

सरांनी चारी बाजूंना पाहिलं. "अश्विनी, हे काय? गाव स्वच्छ आहे!" मीच कुणाचा तरी खून केला असावा, असा त्यांचा सूर होता. "आधीचा फोटो कशाचा काढायचा? मॅडम अकराला येणार!"

दहा वाजले होते. आम्ही कचरा शोधायला निघालो. एकवीस जण माना खाली घालून गल्लीगल्लीत फिरतोय, आणि ओसरीवरच्या म्हाताऱ्या विचारतायत, "काय हरपलं गं पोरींनो? सोन्याचं हाय का?" अर्ध्या तासानं एका भिंतीशी एक बिस्किटाचा कागद सापडला. आनंदीआनंद! आम्ही झाडू घेऊन भोवती गोल केला. माझी मैत्रीण शबाना मंडळाची फोटोग्राफर. ती जमिनीवर जवळजवळ आडवीच झाली. "हां, बराबर, कोई हिलो मत... कचरा जरा मोठा दिसला पायजे..." एवढ्यात शेजारच्या घरातून एक आजोबा लगबगीनं आले, "अरारारा, ऱ्हायला वाटतं एक, कमलबाईला सांगू नका बरं!" म्हणाले, आणि तो कागद खिशात घालून निघून गेले.

आता मात्र माझा धीर सुटला. चाकांची बॅग डोळ्यांपुढून गडगडत निघून चालली होती. मी शबानाला बाजूला घेतलं.

"शब्बो, गावाबाहेरच्या खड्ड्यात कचरा आहे."

"मंग?"

"थोडा परत आणू. दहा मिनिटांचा प्रश्न आहे. पसरायचा, फोटो काढायचा, उचलायचा."

"तुझं डोकं ठिकाणावर हाय का? आत्यानं बघितलं तर?"

"आत्या पुऱ्या तळतीय. जल्दी चल!"

सरांना विचारलं. सर म्हणाले, "मला यातलं काहीही माहीत नाही," आणि आमच्याकडे पाठ करून एका लिंबाच्या झाडाचं मन लावून निरीक्षण करायला लागले. याला आमच्या मंडळात मंजुरी म्हणतात.

तीन घमेली भरून आणली. दोन पोरांनी वाहिली, एक मी. आत्याच्या घरासमोर, तुळस वाचवून, पहिली दोन रिकामी केली. पण फोटोत कचरा काही भरेना. शबाना ओरडली, "और डाल! थोडं फेकून टाक, नॅचरल दिसंल!" मी तिसरं घमेलं डोक्यापर्यंत उचललं आणि असं काही उधळलं म्हणता! तिनं त्याच क्षणी बटण दाबलं. आणि त्याच क्षणी दार उघडून आत्याची नणंद बाहेर आली.

"अगं बया! ही तर माझी चप्पल! सकाळीच टाकल्ती म्या!"

झालं! गल्लीतली दारं पटापटा उघडली. ज्याला त्याला आपापला कचरा ओळखू यायला लागला. "ही आमची बरणी!" "ते सीट आमच्या बापूचं!" "आम्ही पहाटंपासून कंबर मोडून उचललं, अन् ह्यांनी परत आणलं? शिकलेली पोरं!" या गर्दीत झारा हातात घेऊन आत्या आली. तिनं कचरा पाहिला, रिकामं घमेलं पाहिलं, मग मला पाहिलं.

"अश्वे... तू?"

"आत्या, फोटोसाठी गं. आम्ही लगेच उचलणार होतो!"

"वैनी," नणंद गोड हसून म्हणाली (तीस वर्षं वाट बघितली होती बाईनं!), "नियम तुमचाच हाय. पुकारा आता नाव. बापाच्या नावासकट."

बाप म्हणजे आत्याचा सख्खा भाऊ! तिचा चेहरा असा उतरला की मला खरंच रडू यायला लागलं. एका फोटोपायी मी तिच्या माहेराचं नाव मातीत घातलं होतं. मी म्हणाले, "आत्या, पुकार तू. चूक माझीच आहे." आत्यानं झारा माझ्या हातात दिला, पदर खोचला आणि ताठ मानेनं पंचायतीकडे गेली. दोन मिनिटांनी भोंगा खरखरला.

"हॅलो, हॅलो. अश्विनी ज्ञानदेव, राहणार जाफराबाद, हिनं आज गावात तीन घमेली कचरा टाकला. ती माझ्या सख्ख्या भावाची पोरगी हाय. तरी तिनं आता सारी गल्ली झाडावी. अन् झाडल्यावर जेवायला यावं, पुऱ्या थंड होऊन राह्यल्यात."

आणि बरोबर त्याच वेळी मॅडमची गाडी गावात शिरली. त्यांनी भोंगा ऐकला. मला झाडू मारताना पाहिलं. लिंबामागचे सर पाहिले. मग पंचायतीतून येणाऱ्या आत्याचे त्यांनी दोन्ही हात धरले.

"ताई, स्वतःच्या भाचीचं नाव पुकारलंत? अशी माणसं आम्हाला शिबिरात बोलायला हवीत!"

मी मान खाली घालून झाडत राहिले. सर झाडामागून बाहेर आले आणि म्हणाले, "मी तिला तेच सांगत होतो."

अशा रीतीनं राज्यस्तरीय शिबिराला आमच्या घरातून कमलआत्या गेली. माझी चाकांची बॅग घेऊन. तिच्या भाषणात मोठ्या पडद्यावर शबानानं काढलेला माझा तो फोटो दाखवला, घमेलं उधळतानाचा. रात्री तिचा फोन आला.

"अश्वे, तीनशे पोरं होते गं! तुझा फोटो लागला की नुसता गलका! सगळे विचारत होते, ही बाई कोण, हिचं पुढं काय झालं?"

"मग तू काय सांगितलंस?"

"खरं तेच सांगितलं. म्हणलं, माझी भाची हाय. शिकलेली हाय, सैपाक येतो, लग्नाची हाय. एवढं कचऱ्याचं सोडलं तर पोरीत काही ऐब न्हाई. कुणाच्या पाहण्यात चांगलं स्थळ असलं तर कळवा. तुझा नंबरबी दिला."

तीनशे जणांपैकी अजून एकाचाही फोन आलेला नाही.