आईची कवळी आणि पुन्हा गुंतवलेला लाभांश

आमच्या करावे गावात बाप गेला की किल्ल्या आणि कागद थोरल्या मुलाच्या हाती जातात. बाबा गेले तेव्हा आईने दादाला आपलं एटीएम कार्डही देऊन टाकलं, कोणी मागितलं नसताना. बाबांनी जमिनीच्या मोबदल्यातले काही पैसे तिच्या नावाने म्युच्युअल फंडात ठेवले होते. दर तिमाहीला लाभांश खात्यात यायचा आणि त्याच दिवशी दादा तो काढून आणायचा. "आंबा खातोय, झाड कुटं कापतोय?" असं वर म्हणायचा.

मी ऐरोलीला आपोआप गुंतवणूक करून देणाऱ्या एका ॲपच्या ऑफिसात आहे. ग्राहकांना ॲप जी मराठी उत्तरं देतं, ती मी लिहिते. लाभांश ही वरकमाई नव्हे, तो वाटला की युनिटचा भाव तेवढाच उतरतो, हे मी शंभरदा लिहिलंय. दादा आंबा खात नव्हता, फांद्या तोडत होता.

आईला कवळी हवी होती. दात जवळपास सगळे गेलेले, सुकट चावत नाही, भाकरी चहात बुडवून गिळायची. दादा म्हणाला, "या वयात दात कुनाला दाखवायचेत?" माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी पैसे पुढे केले, पण दिलेल्या लेकीचा पैसा घ्यायचा नाही हे आईच्या हाडात मुरलेलं. "तुज्या बापाच्या पैशातनं होत असंल तर कर," म्हणाली.

मग मी डाव टाकला. तिचा फंड आमच्या ॲपला जोडला. तिच्या फोनवर आलेला ओटीपी तिनेच वाचून दाखवला. 'लाभांश खात्यात द्या' काढून 'लाभांश पुन्हा गुंतवा' केलं. आता लाभांशाचे त्याच फंडात परस्पर नवे युनिट होणार, खात्यात छदामही येणार नाही. हा बदल करायचा पिन फक्त आम्हा दोघींना ठाऊक.

पुढच्या तिमाहीला दादा एटीएमवरून हात हलवत परतला. आईचा फोन हिसकावून त्याने ॲपलाच विचारलं, लाभांश कुठाय? उत्तर आलं, 'आपला लाभांश सुरक्षित असून आपल्यासाठीच काम करत आहे.' वाक्य माझं! वहिनीने हे फोनवर सांगितलं तेव्हा कँटीनमध्ये हसता हसता माझा चहा सांडला. वर्षभर मी त्याची अशी जिरवली आणि मला त्याची जराही लाज वाटली नाही.

वर्ष झाल्यावर मी कवळीपुरते युनिट विकले. दंतवैद्याची वेळही घेतली. विक्रीचे पैसे जोडलेल्या बँक खात्यातच जमा होतात, हेही माझंच वाक्य, रोज कुणाला ना कुणाला दाखवलं जाणारं. सुडाच्या नादात मीच ते विसरले. बँकेत आईच्या खात्याला नंबर दादाचा; मेसेज त्याच्या मोबाईलवर गेला आणि दुपारपर्यंत खातं साफ. वर्षभर मी त्याच्यासाठीच साठवत होते.

दुसऱ्या दिवशी आईला सीवूड्सच्या शाखेत नेलं. कार्ड बंद करायचा अर्ज भरून तिच्यापुढे ठेवला. तिने पेन उचललं आणि परत ठेवलं. नवं खातं उघडू म्हटलं, तर त्यालाही नाही.

"मरताना तोंडात पानी कोन घालंल माज्या? तू तर सासरी."

त्या तोंडात धड दात नाहीत, आणि काळजी त्यात पाणी घालणाऱ्याची! मी तिच्यावर तिथेच ओरडले. काउंटरवरची मुलगी मान खाली घालून टाईप करत राहिली.

त्या दिवसापासून मी एकही युनिट विकलेला नाही. विकला की पैसा दादाकडे जाणार, आणि त्याला मी एक रुपया मिळू देणार नाही. लाभांश येतो, पुन्हा गुंतवला जातो. ॲपवरचा आकडा वाढतोय. आई भाकरी चहात बुडवून खाते. शिक्षा कुणाला होतेय हे मला कळतं, तरी विकायचं बटण मी दाबत नाही.