तापलेल्या चाकांवर पाणी

गरम तव्यावर पाणी शिंपडलं, की त्या वासाने मला आमची पहिली गाडी आठवते. जालन्याहून गावी, तीर्थपुरीला पोचलो, की मला पाणी विचारायच्या आधी वडील तिच्या चारी चाकांवर बादलीभर गार पाणी ओतायचे. चर्र करून वाफ निघायची. काही महिन्यांत ब्रेक दाबला की स्टेअरिंग थरथरू लागलं. गावातल्या मेकॅनिकने चाकामागची वाकडी झालेली ब्रेकची डिस्क दाखवून वडिलांना विचारलं, "काका, गरम चाकावर पाणी टाकता का?" "मंग! औतावरून आलेल्या बैलाचे पाय धुवत न्हाई का आपण?" वडील ठसक्यात म्हणाले. तो हसला, "बैलाला चालतं काका, हिला आधी थंड होऊ द्या." आता मी गावी पोचलो, की गाडी थंड होईपर्यंत वडील तिच्याजवळ बाज टाकून राखणीला बसतात, आणि पाण्याचा तांब्या आधी मला मिळतो.