साहेबांच्या रणगाड्याचं झाकण

दोन म्हातारे फौजी भेटले की तिसरा आपोआप हजर होतो, तो म्हणजे किस्सा! जयेंद्रगंजातला आमचा चहावाला आम्हाला बघताच पंखा आमच्याकडे वळवतो. त्याला ठाऊक असतं, हे आता लवकर उठत नाहीत. आम्ही म्हणजे मी आणि रामअवतार. रेजिमेंटच्या कमांडरसाहेबांच्या रणगाड्यात मी तोफेवर, तो ड्रायव्हर. साहेब इथलेच, ग्वाल्हेरचे मराठी. लढाईवरून ते परतले नाहीत. किस्से मात्र सगळे त्यांचेच.

*

साहेब ताडमाड उंच. रणगाड्यात बसले की त्यांचे गुडघे थेट माझ्या पाठीत! एकदा धीर करून म्हटलं, "साहेब, गुडघे..."

"तुझी पाठ मध्ये येते, त्याला मी काय करू?"

पण त्या दिवसापासून ते उभेच राहू लागले. वरचं झाकण उघडं आणि डोकं बाहेर.

*

एकदा सरावात रस्त्यावर कुत्रं झोपलं होतं. साहेबांनी अख्खी रेजिमेंट थांबवली. रामअवतार कुरकुरला, "साब, एक कुत्ते के लिए?"

साहेब म्हणाले, "तो इथला रहिवासी. आपण पाहुणे!"

*

लढाईवर निघालो तेव्हा वहिनी स्टेशनवर आल्या होत्या. 'मेमसाहेब' म्हटलेलं त्यांना खपायचं नाही. आमच्यासमोरच साहेबांना म्हणाल्या, "शपथ खा, झाकण बंद ठेवाल."

"ठेवतो."

"आणि तुम्ही लोकं लक्ष द्या, ठेवतात की नाही!"

रामअवतारने सॅल्यूट ठोकला. "जी भाभीजी, ताला लगा देंगे!"

*

लढाईत रेजिमेंटचा एक रणगाडा पेटला. आतली पोरं उड्या मारून उसात पडली, जखमी. गोळ्यांचा नुसता पाऊस. साहेबांनी आमचा रणगाडा शत्रूच्या आणि त्या पोरांच्या मध्ये आडवा घालायला लावला. धुरळ्यात आतून काही दिसेना. पोरं आपल्याच रणगाड्याच्या पट्ट्याखाली येतील म्हणून साहेब झाकण उघडून उभे राहिले.

"रामअवतार, डावीकडे. हळू. अजून हळू. थांब!"

रामअवतार थांबला. पुढ्यात हातभर अंतरावर एक पोरगा पडला होता. तो वाचला. आज त्याला नातवंडं आहेत. आम्ही पुढच्या हुकमाची वाट बघत राहिलो. हुकूम आला नाही.

*

परत आल्यावर वहिनींनी एवढंच विचारलं, "झाकण बंद होतं ना?"

खोटं बोलायला रामअवतारची जीभ कधी वळत नाही. त्या दिवशी वळली. "जी भाभीजी, बंद था." मी मान हलवली. साहेबांनी शपथ मोडली, हे त्यांना कोणत्या तोंडाने सांगणार? तेव्हापासून दर पुण्यतिथीला आम्ही दर्पण कॉलनीत त्यांच्याकडे जातो. तोच चहा, तोच प्रश्न, तेच उत्तर.

*

यंदा शहरातल्या एका बागेत जुना रणगाडा बसवला. खाली साहेबांच्या नावाची पाटी. हार घालायला वहिनींना बोलावलं होतं, दोन्ही बाजूंनी आम्ही त्यांना धरलेलं. त्यांनी हार घातला आणि बराच वेळ वर बघत राहिल्या.

"ते झाकण उघडा."

तिथला अधिकारी मराठीच होता. म्हणाला, "आजी, मुलं चढतात हो वर. वेल्डिंग करून टाकलंय. आता नाही उघडायचं."

"मग ह्यांच्या नावाची पाटी काढा," वहिनी म्हणाल्या. "बंद झाकणाचा रणगाडा ह्यांचा नव्हताच. विचारा या दोघांना!"