हंबीररावांच्या नावावर रोज एक क्लिक

फुलेवाडीच्या नाक्यावर केरबाची चहाची टपरी आहे आणि तिच्यासमोर हंबीरराव खराड्यांचं ऑफिस. ऑफिस म्हणजे एक शटर, एक टेबल, चार प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि भिंतीवर एक नकाशा, ज्यात आजच्या निम्म्या कॉलन्यांच्या जागी ऊस आहे. पाटीवर 'जागा, घरे, प्लॉट' एवढंच लिहिलंय. 'एजंट' हा शब्द हंबीररावांनी पाटीवर येऊ दिला नाही. एजंट म्हटलं की माणूस आधी खिसा चाचपतो, असं त्यांचं निरीक्षण होतं.

त्यांचा धंदा उभा राहिला त्या काळी जागा शोधणं म्हणजे केरबाला विचारणं. एखादा पाहुणा एसटीतून उतरायचा, टपरीच्या बाकड्यावर टेकायचा आणि चहा फुंकत विचारायचा की इकडं कुठं जागा मिळंल काय. केरबा लगेच उत्तर देत नसे. गाव कुठलं, नोकरी कसली, घरात माणसं किती, एवढं काढून घेतल्यावर तो हातातला चमचा समोरच्या शटरकडं करायचा. ज्याच्यात दम नाही असं त्याला वाटे, त्याच्यासाठी तोच चमचा पलीकडच्या गल्लीकडं वळायचा. तिथं दुसरा एक एजंट बसे. आलेल्या प्रत्येक पाहुण्यामागं हंबीररावांनी टपरीवर हजर असलेल्या सगळ्यांना चहा पाजायचा, हा रिवाज होता. पुढं ज्या व्यवहारावर जगातल्या बड्या कंपन्या उभ्या राहिल्या, तो फुलेवाडीत इतका जुना आहे. केरबानं त्याला इंग्रजी नाव दिलं नाही, हीच काय ती त्याची चूक.

पाहुणा मिळाला की हंबीरराव त्याला राजदूत मोटारसायकलवर मागं बसवत. पण जागा दाखवायची ती पावसाळ्यातच, हा त्यांचा नेम. बाकीचे लोक उन्हाळ्यात प्लॉट विकत. तेव्हा सगळीच जमीन कोरडी आणि सज्जन दिसते. हंबीरराव मात्र मार्चमध्ये आलेल्या गिऱ्हाइकाला नमस्कार करून सांगत, जुलैत या. निम्मी गिऱ्हाइकं त्यातच जात. उरलेल्यांना ते आषाढात घोटाभर चिखलात उभं करून म्हणत, "बघा पावणं, आज हितं पाणी न्हाय म्हंजी कधीच न्हाय." पंचगंगेनं पुढं दोनदा पूर आणून कोल्हापूर शहराचा हिशोब तपासला, तेव्हा त्यांनी वसवलेल्या घरांच्या पायऱ्या कोरड्या राहिल्या. त्या घरांतून अजून बारशाची, वास्तुशांतीची, पोरांच्या लग्नाची आमंत्रणं येतात. कॉलनीत पायी निघाले तर हंबीररावांना चहा चुकवत चुकवत जावं लागे. त्या काळात त्यांना ॲसिडिटीचा त्रास होता आणि ते तो कौतुकानं सांगत.

मग माणसं एसटीतून उतरण्याआधीच फोनवर जागा बघायला लागली. चारचाकीतून यायची, काच खाली करून केरबाला विचारायची ते फक्त रस्ता कुठला जातो हे. पुढं पुढं तेही विचारेनाशी झाली. केरबाचा चमचा साखरेपुरता उरला. हंबीररावांना फोन आलाच तर पलीकडून कुणीतरी म्हणे, लोकेशन टाका. त्यांना ते जरा उद्धट वाटायचं. गाव न विचारता, न सांगता थेट जागेवर जायचं, हे त्यांच्या मते सोयरीक न विचारता मांडवात शिरण्यासारखं होतं.

पत्नी गेल्यावर घरही शांत झालं. मुलगी क्रांती पुण्यात, वाकडला, एका कंपनीत. तिचं एकच म्हणणं होतं, की आबा, शटर ओढा आणि इकडं या. तिच्या नव्या फ्लॅटमध्ये एक खोली होती आणि ती आबांची, असं तिनं जाहीर केलं होतं. हंबीरराव दर वेळी नवी सबब काढत. शेवटी या गणपतीत ती घरी आली आणि आरतीनंतर तिनं विषय काढला. तिची आतेबहीण निशिगंधा तिथंच प्रसाद वाटत होती. निशिगंधा घरी बसून दवाखान्यांच्या, लॉजच्या, मंगल कार्यालयांच्या जाहिराती गुगलवर चालवायची. तिनं सुचवलं, की मामांची जाहिरात आपण दिवाळीपर्यंत चालवून बघू. क्रांती म्हणाली, ठीक आहे. दिवाळीपर्यंत त्या जाहिरातीतनं एक व्यवहार झाला तर आबांनी इथंच राहावं, नाही झाला तर शटर खाली आणि सामान पुण्याला. हंबीररावांनी गणपतीसमोर हो म्हटलं. समोर देव होता, त्यामुळं शब्द फिरवायची सोय राहिली नाही.

निशिगंधानं त्यांना पद्धत समजावली. कुणी 'फुलेवाडी प्लॉट' असं काही शोधलं की सगळ्यात वर आपलं नाव येणार. त्यानं नावावर क्लिक केलं की आपल्या खात्यातनं पैसे कापले जाणार. दिवसाची रक्कम ठरलेली. ती संपली की नाव गायब, ते दुसऱ्या दिवशी उगवणार.

"म्हंजी केरबाचा चहा," हंबीरराव म्हणाले.

"तसंच, मामा. फक्त हितला केरबा पाजलेल्या चहाच्या वर एक पावणा उधार धाडत न्हाय."

त्यांना ते पटलं. जगात नवं काही नसतं, याचं त्यांना त्या दिवशी बरं वाटलं.

चूक झाली ती दुसऱ्या दिवशी सकाळी. आपलं नाव गुगलवर सगळ्यात वर आलंय, मोठ्या बिल्डरांच्याही वर, हे माणसानं टपरीवर दाखवू नये अशी अपेक्षा करणं अमानुष आहे. हंबीररावांनी दाखवलं. गादीचं दुकान चालवणारे रफिकभाई आणि एसटीतून निवृत्त झालेले गणपतराव, दोघेही त्यांचे शाळेपासूनचे सोबती. दोघांनी आपापल्या फोनवर शोधून खात्री केली आणि नावावर क्लिक केलं. आत हंबीररावांचा फेट्यातला फोटो उघडला. केरबानं त्या दिवशी चहाचे पैसे घेतले नाहीत.

गणपतरावांचा समज असा होता, की जितके जास्त लोक क्लिक करतील तितकं नाव आणखी पक्कं होणार. तालमीच्या निवडणुकीत असंच असतं, मग इथं वेगळं का असावं? त्यांनी तालमीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निरोप टाकला: आपल्या हंबीररावांचे नाव जगात वर आणण्यासाठी प्रत्येकाने रोज सकाळी एक क्लिक करावा, आळस करू नये. कोल्हापूरला एखाद्याला डोक्यावर घ्यायचं ठरलं की कुणी मागं राहत नाही. पहिलवानांनी केलं, डेअरीला दूध घालून परतणाऱ्यांनी केलं, रफिकभाईंच्या सूनबाई शिफानं केलं आणि तिच्या माहेरच्यांनाही सांगितलं. दोन-तीन आठवडे हा नेम इमानानं चालला. कुणी विसरलं तर त्याला टपरीवर जाब द्यावा लागे.

हंबीररावांचं नाव रोज पहाटे उगवायचं आणि ऊन तापायच्या आत मावळायचं. खरं गिऱ्हाईक अंथरुणातनं उठून फोन हातात घेईपर्यंत दिवसाची रक्कम मायेत खलास झालेली असे. फोन एकही आला नाही. निशिगंधा चक्रावली. क्लिक भरपूर आणि चौकशी शून्य. शेवटी तिनं माहिती उकलून बघितली आणि लॅपटॉप घेऊन ऑफिसात आली.

"मामा, ह्या सगळ्या क्लिक फुलेवाडीतनं येत्यात. सकाळच्याच. तुमच्या टपरीवरचे लोक काय करत्यात?"

हंबीररावांनी अभिमानानं सांगितलं. तिनं लॅपटॉप मिटला. मग तिनं सांगितलं, की खोट्या क्लिक पकडायची सोय त्या यंत्रात असते, पण ही माणसं खरी आहेत, प्रत्येकाचा फोन वेगळा आहे आणि मनापासून करत आहेत. त्याला यंत्र काय करणार. त्यांना थांबवा, नाहीतर दिवाळीला पुण्याला जायची पेटी भरा.

हंबीरराव टपरीवर गेले. त्यांनी चहा घेतला. गणपतराव त्यांना सांगत होते, की आज कळंब्याच्या पाव्हण्यांनाही कामाला लावलंय. रफिकभाईंनी फोन पुढं करून त्यांचा फोटो दाखवला. लग्नात जबरदस्तीनं वाढणाऱ्याचा हात धरता येतो. पण पन्नास वर्षांच्या दोस्ताला 'माझ्यावर माया करू नकोस, परवडत नाही' हे कोणत्या शब्दांत सांगायचं? ते दुसरा चहा घेऊन परत आले.

"सांगितलं?" निशिगंधानं विचारलं.

"न्हाय जमलं."

"मग एक करता येतंय. जाहिरात कोल्हापुरात दाखवायचीच न्हाय. फक्त पुण्या-मुंबईत. हितनं तिकडं गेलेली माणसं रिटायर होऊन परत याय बघत्यात, ती शोधत्यात. हितं कुणाला दिसणार न्हाय, कुणी क्लिक करणार न्हाय."

"हितं कुणालाच न्हाय?"

"कुणालाच न्हाय, मामा. तुम्हालासुद्धा."

ज्या गावात त्यांचा पत्ता कुणाला कधी विचारावा लागला नाही, त्या गावात हंबीरराव सापडू नयेत अशी व्यवस्था करायची होती. त्यांनी भिंतीवरच्या नकाशाकडं पाहिलं. मग म्हणाले, कर.

दुसऱ्या दिवशी सकाळी टपरीवर दुखवटा पसरला. गणपतरावांनी चार वेळा शोधलं. रफिकभाईंनी फोन बंद करून चालू केला. वर दुसऱ्याच कुठल्या तरी कंपनीचं नाव होतं. हंबीरराव आले तेव्हा बाकड्यावर त्यांना मधली जागा करून देण्यात आली, जशी एखाद्या घरात वाईट झाल्यावर देतात.

"हंबीर," रफिकभाई हळू आवाजात म्हणाले, "काढलं व्हय तुला?"

हंबीररावांना खरं सांगता आलं असतं. त्यांनी बशीत चहा ओतला. "काढलं म्हणायचं," ते म्हणाले.

गणपतरावांनी निवेदन द्यायची तयारी दाखवली. ते नेमकं कुणाला द्यायचं हे कुणालाच सांगता येईना, म्हणून तो बेत मागं पडला. पण माणसं गप्प बसली नाहीत. मित्राला यंत्रानं टाकलं, तर आपण आहोत की, असं ठरलं. गादी घ्यायला आलेल्या प्रत्येकाला रफिकभाई विचारू लागले, घर भाड्याचं का स्वतःचं, आणि पुढचं काही न ऐकता फुलेवाडीला धाडू लागले. गणपतराव जोतिबाला जाताना एसटीत शेजारच्यांना ऑफिसचा नंबर देऊ लागले. आणि केरबानं पुष्कळ दिवसांनी काचेची बरणी बाजूला सारून चमचा उचलला.

नवरात्राचे ते दिवस हंबीररावांना पूर्वीसारखे गेले. शटर उघडलं की बाहेर कुणीतरी उभं असायचं. कुणी राधानगरीकडचं, कुणी कागलचं. गावं निघायची, गावांत ओळखी निघायच्या, ओळखींत सोयरीक निघायची. राजदूत कधीच मोडीत गेली होती. रफिकभाईंच्या मुलाची, मोहसीनची, ॲक्टिव्हा मागून घेऊन ते माणसांना हिंडवत राहिले. त्या सगळ्यांत एकालाही जागा घ्यायची नव्हती. एकाला लग्नासाठी मांडवाची जागा हवी होती, एकाला भावाशी झालेल्या वाटणीचं सांगायचं होतं, आणि धोंडुबाई म्हणून एक म्हातारी गादी दुरुस्तीला टाकून वेळ जात नाही म्हणून आली होती. हंबीररावांनी सगळ्यांना चहा पाजला. ॲसिडिटी परत आली.

मधल्या काळात जाहिरात बघून पुण्याहून फोन येत होते. कोरडे, कामाचे फोन. त्यांतला एक विजयसिंह नावाच्या गृहस्थांचा. पन्हाळ्याकडचे, सगळी नोकरी पुण्यात काढलेले, बायकोला परत कोल्हापुरात राहायचं होतं. ते लोकेशन न मागता म्हणाले, तुम्ही दाखवाल ते बघतो. दोघं आले त्या दिवशी परतीचा पाऊस कोसळत होता. विजयसिंहांनी पुढच्या रविवारी येऊ का विचारलं. हंबीरराव म्हणाले, आजच. बाईंनी चपला हातात घेतल्या आणि प्लॉटच्या या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत चालत गेल्या. दसऱ्याला इसार देऊन व्यवहार पक्का झाला.

हंबीररावांनी क्रांतीला फोन केला. व्यवहार झाला, जाहिरातीतनंच झाला, निशिगंधाला विचार, असं सगळं एका दमात सांगितलं.

"मग येत न्हाईसा तुमी," ती म्हणाली.

"दिवाळीला येतो की."

"दिवाळीला येणार. पाव्हणं म्हणून." मग ती म्हणाली, की खोलीला रंग लावून घेतला होता, पिवळसर, आईला आवडायचा तसला. ते असू दे, म्हणाली. छान झालं, म्हणाली. आणि मीटिंग आहे म्हणून फोन ठेवला.

पैज जिंकलेल्या माणसाला जसं वाटायला हवं तसं हंबीररावांना काही वाटेना. त्यांनी शटर अर्धं ओढलं आणि बसून राहिले.

दोन दिवसांनी निशिगंधा महिन्याचा आढावा घेऊन आली. सगळं बेतशीर चाललं होतं. एकच गोष्ट तिला खटकत होती.

"पुण्यातनं एक क्लिक रोज येतीया, मामा. वाकडच्या भागातनं. रोज दुपारी, जेवणाच्या सुट्टीच्या सुमाराला. 'हंबीरराव खराडे' असं पुरं नाव टाकून कोण तरी शोधतंय, क्लिक करतंय, आणि फोन काय करत न्हाय. जाहिरात पुण्यात दाखवाय लागल्यापासनं चालू हाय. फुकट पैसे जात्यात. तेवढा वाकडचा भाग वगळून टाकू?"

वाकडमध्ये हंबीररावांना पुऱ्या नावानं ओळखणारं एकच माणूस होतं. ती रोज दुपारी डबा उघडून बापाचं नाव वर दिसतंय का हे बघत होती, की त्याचे पैसे लवकर संपावेत आणि त्यानं सामान बांधावं म्हणून क्लिक करत होती, हे त्यांना कळायला मार्ग नव्हता. फोन करून विचारता आलं असतं. एखाद्या वेळेस तिलाही नेमकं सांगता आलं नसतं.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले.

"पण पैसे जात्यात, मामा."

"जाऊ देत. ती क्लिक बंद करू नगंस."