जुना थेंब आधी

नाव : तात्या. हुद्दा : सेवानिवृत्त भांडारपाल, पाणीपुरवठा खाते. सध्याचा कार्यभार : फ्रिजच्या दारातील औषधसाठ्याचे जतन व वाटप. अधिकारक्षेत्र : स्वतः, पत्नी आणि ठमी नावाची मांजर. शेरा : निर्णयाविरुद्ध अपील नाही.

भांडारात तात्यांनी जन्मभर एकच नियम पाळला : जुना माल आधी खपवायचा. निवृत्तीनंतर खपवायला वॉशर आणि नळाच्या तोट्या उरल्या नाहीत, तेव्हा तो नियम लोण्याच्या डब्याशेजारच्या बाटल्यांना लागू झाला.

ठमी एक डोळा मिटून घरात आली. त्याआधी बाहेरच्या बोक्याशी तिची झालेली बाचाबाची सगळ्या गल्लीने ऐकली होती. तात्यांनी चष्मा कपाळावर ढकलला, तिची पापणी वर केली आणि निकाल दिला, "डोळे आलेत."

"अहो, एकच मिटलाय," पत्नी, म्हणजे आमच्या काकू, म्हणाल्या. "डॉक्टरीणबाईंना दाखवू या ना."

"दुसरा येईल मागून. त्याला काय घाई आहे?"

फ्रिजच्या दारात डोळ्यांच्या थेंबांच्या दोन बाटल्या होत्या. अलीकडची नुसत्या अँटिबायोटिकची. दुसरी ठमीला कधीकाळी ॲलर्जी झाली तेव्हाची. तिच्यात अँटिबायोटिक आणि स्टेरॉइड दोन्ही. नियमाने जुनीचा नंबर आधी. शिवाय एकाऐवजी दोन औषधं म्हणजे तात्यांच्या मते फायदाच.

थेंब पडले, लाली उतरली. तात्यांनी शेजाऱ्यांना बोलावून डोळा दाखवला. "औषध कुणीही घालेल हो, हाताला गुण लागतो."

मग त्या डोळ्यावर निळसर साय धरली आणि ठमी पलंगाखालून बाहेर येईना. काकूंनी काही न विचारता तिला टोपलीत घातलं आणि निघाल्या. तात्या चपला सरकवत मागून.

डॉक्टरीणबाईंनी डोळ्यात रंग सोडून निळा दिवा धरला. बुबुळावर हिरवा ओरखडा चमकला.

"डोळे आले नव्हते काका, नख लागलं होतं. अशा जखमेवर स्टेरॉइड घातलं की ती भरत नाही, खोल जाते."

"पण लाली गेली होती की!"

"जाणारच. तक्रार करणाऱ्याला तुम्ही गप्प बसवलंत. तक्रार होती तिथेच राहिली."

हे तात्यांना लगेच पटलं. खात्यात गळक्या नळांचा निपटारा असाच होत असे.

"डोळा राहील ना?" काकूंनी विचारलं. तात्यांकडे न बघता.

"राहील बहुतेक. पण तेच थेंब चालू ठेवले असते, तर तुमचा हा आलेला डोळा गेला असता."

डोळा राहिला. त्यावर एक पांढरा ठिपका आहे. औषध नवीन आहे, ते काकू घालतात. तोवर तात्या दुसऱ्या खोलीत थांबतात, कारण ते दिसले की ठमी चावते.