कावळ्याला कबूल केलेली गाडी

माझा नवरा गेला तेव्हा दहाव्याला कावळा शिवेना. वलगावला पेढी नदीच्या काठी आम्ही सगळे उन्हात उभे होतो. पिंडाचा भात सुकत चालला होता आणि कावळा बाभळीवर बसून आमच्याकडे बघत होता. जिवंतपणीही ह्या माणसाला वेळेवर जेवायला बसवणं सोपं नव्हतं, म्हणून मला त्याचं नवल वाटलं नाही.

एकेक जण हात जोडून काहीतरी कबूल करू लागला. मुलगा म्हणाला, "बाबा, वावर विकनार नाई." कावळा हलला नाही. मी म्हणाले, "तुमच्या बहिणीशी बोलत जाईन." त्यावर तो आणखी वरच्या फांदीवर गेला. त्यालाही ते खरं वाटलं नसावं. शेवटी गुरुजी दर्भाचा कावळा करायला बसले, तेवढ्यात माझा दीर पुढे झाला आणि मोठ्याने म्हणाला, "दादा, तुई गाडी वापस आनतो."

कावळा खाली आला आणि त्याने भाताला चोच मारली.

पिंडाजवळ बसलेलं एक कुत्रं नेमकं त्याच वेळी उठून गेलं होतं. मी ते पाहिलं आणि सांगितलंही. "वहिनी, तुमी गप बसा," दीर म्हणाला. त्याच्या डोळ्याला धार लागली होती.

गाडी म्हणजे नवऱ्याची मोटरसायकल. दोन सायलेन्सरची, किरमिजी रंगाची. किक मारायची दांडी पुढे पाडली की तीच गिअरची दांडी व्हायची. ती बनवणारी कंपनी बंद पडली, सामान मिळेना, म्हणून मुलगा शाळेत असतानाच नवऱ्याने ती अकोल्याच्या एका माणसाला विहिरीवरच्या पंपाच्या बदल्यात दिली होती. पंप अजून चालतो. त्या गाडीचं नाव नवऱ्याने त्यानंतर कधी काढल्याचं मला आठवत नाही. पण दिराला ते कोण सांगणार?

घरी आल्यावर दिराने पण केला, की दादाची गाडी दारात येईस्तोवर कोणत्याही चाकावर बसणार नाही. आता ह्यात हसण्यासारखं पुष्कळ होतं, पण एक गोष्ट तशी नव्हती. दिराचा एक डोळा लहानपणीच गोफणीच्या दगडाने गेलेला. उरलेल्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता. अमरावतीच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, फार थांबलात तर डोळ्यात दाब वाढेल, मग ऑपरेशन करूनही उपयोग नाही. आणि हा म्हणे चाकावर बसणार नाही. अमरावतीपर्यंत पायी जायला गुडघे राहिले नव्हते.

"बैलगाडीत घालून नेऊ," मी म्हटलं.

"तिलेबी चाकंच हायेत, वहिनी."

"आंधळा झाला म्हणजे कोन पाहीन तुले? मी नाई पाहनार."

"नका पाहू. दादा पाहीन वरून."

मग मी मुलाला म्हटलं, चल अकोल्याला. ती गाडी कोणी ओळखेल तर मीच. अर्थात मागून. नवरा पुढून कसा दिसायचा हेच मला कमी आठवतं, तर गाडी पुढून काय आठवणार? मी कायम मागे बसलेली, दोन्ही पाय डाव्या बाजूला. माझे पाय आखूड, गाडीच्या पायदानाला पुरायचे नाहीत. पाय लोंबायचे आणि चांदूर बाजारच्या रस्त्यावर चप्पल पडायची. नवऱ्याला गाडी वळवून मागे जायचा फार कंटाळा. शेवटी त्याने गावच्या लोहाराकडून वखराच्या मोडक्या पासेचा, म्हणजे लोखंडी पात्याचा, तुकडा पायदानाच्या वर जोडून घेतला. माझ्यासाठी नाही. चप्पलेसाठी.

पंपाच्या बदल्यात गाडी नेणारा माणूस अकोल्यात सापडला. गाडी त्याने केव्हाच एका मिस्त्रीला देऊन टाकली होती. मिस्त्रीचं दुकान म्हणजे रस्त्याच्या कडेला टिनाचं छप्पर आणि त्याखाली मेलेल्या मोटरसायकलींचे ढीग. त्याला जुन्या गाड्यांचा भारी नाद, आणि बोलण्याचा त्याहून भारी. आम्ही हकिगत सांगितली. कावळ्याचं ऐकून तो हसला नाही. आतून एक चकचकीत लाल गाडी ढकलत घेऊन आला.

"अम्मा, यहीच है तुम्हारी गाडी."

मुलगा लगेच म्हणाला, "हीच हाय." त्याला संध्याकाळच्या आत घरी जायचं होतं. मी मागे चढून बसले. पाय लोंबले.

"ही नाई," मी म्हटलं.

"अम्मा, उमर हुई तो आदमी छोटा होता. तुमच आखूड झाल्या असन."

"मी आखूड झाली, मान्य. पन वखराचा तुकडा कुठी गेला?"

तो म्हणाला, असलं काही त्याने जन्मात पाहिलं नाही. मग दुसरी गाडी दाखवली, मग एकच सायलेन्सर असलेली तिसरी. दुसरा सायलेन्सर उन्हाने वितळला असेल असं त्याचं मत पडलं. अकोल्याचं ऊन पाहता मी त्यावर वाद घातला नाही, पण गाडी ती नव्हती.

मला भोवळ आल्यासारखं झालं. मिस्त्रीने चहा मागवला आणि दुकानासमोरच्या बाकाकडे हात केला. बाक म्हणजे लोखंडी सांगाड्यावर टाकलेली फळी. मी बसले, कप हातात घेतला आणि पाय खाली सोडले. पाय पुरले. लोखंडावर दोन्ही टाचा नीट टेकल्या, जशा चांदूर बाजारला जाताना टेकायच्या. मी वाकून पाहिलं. वखराचा तुकडा होता.

"ही हाय गाडी," मी म्हटलं.

मिस्त्री माझ्याकडे आणि मग बाकाकडे बघत राहिला. "अम्मा, ये तो बेंच है. पूरे गाव की दाढी इसपे बनती." शेजारचा न्हावी गिऱ्हाईक तिथेच बसवायचा. फळी काढली तर खाली आमच्या गाडीचा सांगाडा. इंजिन नाही, टाकी नाही, चाकं नाहीत. तुकडा तेवढा राहिला, कारण त्यावर वस्तरा ठेवायची सोय होती.

मुलाने काकाला फोन लावला. दीर खूश झाला आणि लगेच अडकला. सांगाडा आपला, पण इंजिन दुसऱ्याचं बसवलं तर ती दादाची गाडी म्हणायची का? त्याने गुरुजींना बोलावून फोन त्यांच्याकडे दिला. गुरुजी म्हणाले, इंजिन म्हणजे प्राण आणि प्राण काही कोणाच्या मालकीचा नसतो. सांगाडा तोच असला की झालं. मिस्त्रीने फोन ओढून घेतला. "पंडितजी, सही बोले. सरकार भी चेसिस कोच गाडी मानती." दोघांचं फार जमलं. मिस्त्री रस्त्यात उभा राहून फोनवर गुरुजींशी प्राण आणि देह ह्यावर बोलत होता, माझा चहा निवला, आणि शेवटी गुरुजींनी त्यांच्या स्कूटरच्या क्लचचं विचारून घेतलं.

न्हाव्याने मात्र बाक सोडायला नकार दिला. त्याच्यासाठी आमच्या घरचा जुना लाकडी बाक टेम्पोने पाठवावा लागला. तो आला, न्हाव्याने स्वतः बसून पाहिला, डुगडुगतो म्हणाला, मग घेतला.

गाडी जुळवण्यात पावसाळा आणि हिवाळा गेला. इंजिन एका गाडीचं, टाकी दुसरीची, दिवा एका बंद पडलेल्या गिरणीवरचा. मिस्त्री फोनवर इंजिन चालू करून ऐकवायचा आणि दीर डोळा मिटून ऐकायचा. डोळा उघडा असला तरी त्याला फारसा फरक पडत नव्हता. भाकरीऐवजी तो ताटाशेजारचा तांब्या चाचपायचा. मी मिस्त्रीला म्हटलं, रंगबिंग सोड, आण लवकर. तो म्हणाला, रंगाशिवाय ती बाकच दिसते. त्याच्याकडे हिरवा रंग उरला होता.

टेम्पोत घालून आणलेली गाडी दिराला चालणार नव्हती. ती तिच्या चाकांनी यायला हवी होती. म्हणून वर्षश्राद्धाच्या दिवशी मिस्त्री अकोल्याहून स्वतः चालवत आला. आधी धूर आला, मग आवाज, मग तो. अंगणात गाडी धडधडत उभी. गल्लीतली माणसं जमली. दिराने टाकीवरून, दिव्यावरून हात फिरवला, वखराच्या तुकड्यापाशी थांबला आणि म्हणाला, "दादाचीच हाय."

"घेतलेला पन फिटला का?" मी विचारलं.

"हाव, फिटला."

"मंग बस मागं. गावातून एक चक्कर मार."

तो बसला. मिस्त्रीला मी आधीच बाजूला घेऊन सांगून ठेवलं होतं, की गाडी बंद करू नको, गावात थांबू नको, डोळ्याच्या दवाखान्यातच थांब. तसंही त्याला ती बंद करायची भीतीच होती. वाटेत बडनेऱ्याला बंद पडली होती तेव्हा चार माणसांनी ढकलली होती. दिराच्या कपड्यांची पिशवी मी हँडलला अडकवली. गाडी वळणावरून अमरावतीच्या रस्त्याला लागली तेव्हा दिराचं ओरडणं ऐकू आलं, मग फक्त सायलेन्सर. मुलगा स्कूटरवर मागे गेला.

गुरुजी पानावर बसून होते. "यजमान?" त्यांनी विचारलं.

"दवाखान्यात. तुमी जेवा, भात थंड होऊन राह्यला."

दिराचं ऑपरेशन झालं, डोळा राहिला. तो आता एसटीत बसतो, रिक्षात बसतो आणि भाड्यावरून भांडतो. गाडी मात्र दवाखान्याच्या दारात बंद पडली ती पुन्हा चालू झालीच नाही. शेवटी टेम्पोतूनच घरी आली. ती अंगणात कडुनिंबाखाली उभी आहे. मी तिच्यावर आडवी बसून तुरीच्या शेंगा सोलते. पाय पुरतात.

पट्टी निघाल्यावर दीर पहिल्यांदा आला तो अंगणातच थबकला. गाडीभोवती एक फेरी मारली.

"वहिनी, दादाची गाडी तं लाल होती. हे हिरवी काहून?"

"दिसते नं तुले? मंग बस, शेंगा सोल."