गुडघ्यांवरची जाळी

वॉर्डातल्या मावशीचा अंदाज सहसा चुकत नसे. एकवीस वर्षं तिने बेडपॅन उचलली, चादरी बदलल्या, परक्यांची अंगं पुसली. माणूस जायला निघाला की काय काय दिसतं, ते कुणी न शिकवता तिला कळू लागलं. नाक धारदार होतं, नखं काळवंडतात, बोटं उगाच चादर चिवडत राहतात. डॉक्टरांना सोडून नातेवाईक तिलाच कोपऱ्यात घेत. "मावशी, किती वेळ?" ती हातचं राखून सांगे.

मग तिचा थोरला भाऊ अकरा नंबरच्या खाटेवर आला. लिव्हर कामातून गेलेलं. पोट टम्म, हातापायांच्या काड्या, डोळे पिवळेजर्द.

"तू आहेस म्हणजे काळजी मिटली," तो म्हणाला. "खरं सांग, उठेन ना मी?"

इतरांना ती म्हणायची, बघू, धीर धरा. त्याला म्हणाली, "नाही दादा. गुडघ्यांवर लक्ष ठेव. आधी गार पडतील, मग जांभळी जाळी उमटेल. ती मांडीवर चढली की उरले काही तास."

त्यानंतर त्याला दुसरा उद्योगच राहिला नाही. घटकेघटकेला चादर वर करून तो गुडघे बघे. ताट तसंच परत जाई. शेजारच्या खाटेवरचा म्हातारासुद्धा मान उंचावून विचारी, "आली का हो?"

चौथ्या दुपारी तो म्हणाला, "पोराला फोन कर. तीन तासांवर तर आहे."

तिने फोन काढला. "आईच्या वेळी मला का नाही कळवलंस?"

"आता कशाला उकरतेस?"

"विचारतेय."

"तू आली असतीस, रडारड केली असतीस. माझं डोकं उठलं असतं."

लाज नाही, काही नाही. ती पोचली तेव्हा आईची खाट भिंतीला उभी करून ठेवली होती, फरशीही पुसून झाली होती.

तिने फोन कानाला लावला, थोडा वेळ धरला. "लागत नाहीये," म्हणाली. नंबर दाबलाच नव्हता.

दिवस कलताना त्याने चादर उचलली आणि तिचं मनगट घट्ट पकडलं. "आली गं."

तिने बघितलं. आली होती. मग तिने पुतण्याला फोन केला.

घशात घरघर सुरू झाली. ती कापसाने त्याचे ओठ भिजवत राहिली, दोन श्वासांमधली वाढत जाणारी फट मोजत राहिली. आईचंही असंच झालं असेल का, एवढंच तिच्या मनात होतं. एका श्वासानंतर दुसरा आलाच नाही. तिने त्याचा जबडा बांधला, त्याचे डोळे मिटले.

पुतण्या धापा टाकत आला तेव्हा दादाला जाऊन तासभर उलटून गेला होता. तो तिच्या गळ्यात पडला. "आत्या, तू होतीस म्हणून. त्रास नाही ना झाला त्यांना?"

या प्रश्नाचं उत्तर ती हजारदा देऊन चुकली होती. झोपेतच गेले, असं.

"झाला," ती म्हणाली. "दुपारपासून तुला हाका मारत होता."

पोरगा मटकन खाली बसला. आपल्याला हलकं वाटेल, असं तिला वाटलं होतं. तसं काही वाटलं नाही. ती धुतलेली चादर आणायला गेली.